सरकीची वाट

अंबादास, सोजराच्या मनात ती भीती मी घातली होती. दुसऱ्या कुणी नाही. कापसाच्या जिनिंगवर कामाला येणाऱ्या सोजरानं आणि बाकीच्या बायकांनी तुला छपरीपाशी अडवून ‘दादा, आता गोष्ट सांगायला येऊ नका’ म्हणून हात जोडले, त्या दिवशी तू मला विचारलंस, ‘केशव, इतकी वर्षं नाही अन् आत्ताच यांच्या डोक्यात हे कुणी भरवलं असेल रे?’ मी वजनकाट्यावरच्या कापसाकडे पाहत म्हणालो, ‘दिवसच भीतीचे आहेत.’ दिवस भीतीचे होते हे खरं, पण तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

तुझं तेरावं होऊन गेलं. वाचनालयाच्या मंडळींनी मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितले आहेत. जन्म कुठला, शिक्षण कुठवर, ग्रंथपाल कधी झाला, असं त्यांना हवं आहे. ते ज्याला नीट ठाऊक आहे त्यानं लिहावं. मला तुझ्याशीच बोलायचं आहे. सभेत वाचून दाखवतील तेव्हा सगळ्यांच्या कानावर जाईल. जाऊ दे.

तू जिनिंगात पहिल्यांदा आलास तो माझ्यासाठी पुस्तक घेऊन. मी तापातून उठलो होतो, वाचनालयाचा जिना चढवत नव्हता. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. कापसातून सरकी काढणारे रेचे धडधडत होते, हवेत तंतू उडत होते आणि तू पुस्तक माझ्या हातात द्यायचं सोडून पलीकडच्या पत्र्याच्या छपरीकडे पाहत राहिलास. कामावरच्या बायका तिथं आपली लेकरं ठेवायच्या. सांभाळायला म्हातारी गिरजाबाई. लेकरं ओळीनं निजली होती.

‘भर दुपारी एवढी लेकरं, अन् एकही रडंना?’

‘गिरजाबाईचा हात चांगला आहे,’ मी म्हणालो.

तू सरळ तिलाच जाऊन विचारलंस. तिनं काही लपवलं नाही. ‘हात कशाचा दादा, अफूचं बोट हाय. मी एकली, अन् हे एवढं लेंढार. एखादं उठून रेच्यापाशी गेलं तर त्याची माय मला जित्ती ठिवंल का?’

ती खोटं बोलत नव्हती. आणि मलाही ते माहीत होतं. मी त्या जिनिंगचा मुनीम. दिवसभर त्या छपरीवरून जायचो-यायचो, आणि शांत आहे ते बरं आहे, एवढंच मनात यायचं. तू मला टाकून बोलला नाहीस. पुस्तक दिलंस आणि म्हणालास, ‘बाजाराच्या दिवशी वाचनालय बंद असतं. मी येत जाईन.’

‘कशाला?’

‘जागं ठेवायला.’

आलास तो फडक्यात दोन चित्रांची पुस्तकं बांधून. गिरजाबाईला म्हणालास, ‘आजच्या दिवस बोट चाटवू नको, मी हाय.’ ती म्हणाली, ‘पळाली म्हंजे तुमीच धरून आणा.’ तुझी ती घुंगरं हरवलेल्या बैलाची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली मी, काट्यापाशी उभा राहून, कापूस तोलायचं सोडून. बैल प्रत्येकाला विचारत जातो, माझी घुंगरं पाहिली का? तू विचारायचास आणि थांबायचास. समोरून कुणी ‘हूं’ म्हटल्याशिवाय तुझा बैल पुढं पाऊल टाकायचा नाही. आधी लेकरांना कळेना. मग एका शेंबड्या पोरानं ‘हूं’ केलं आणि बैल चालायला लागला, तेव्हा सगळ्यांना समजलं की हा बैल आपल्या हातात आहे. मग काय, छपरीत हुंकारांचा असा गलका झाला की रेच्यावरची माणसं माना वळवून पाहायला लागली.

आणि ते आगबोटीचं चित्र! पाणी, त्यावर बोट, बोटीच्या धुराड्यातून धूर. त्या लेकरांनी पैनगंगेतली होडीही पाहिली नव्हती. एक पोरगी म्हणाली, ‘हे तर आपलं जिनिंग! याला पाण्यात काहून उभं केलं?’ तू इतका हसलास की डोळे पुसायला तुला पुस्तक गिरजाबाईच्या हाती द्यावं लागलं. तिनं ते उलटं धरलं आणि म्हणाली, ‘बुडून राहिलं बाई जिनिंग.’

दुपारचा भोंगा झाला, बायका लेकरांना पाजायला आल्या, आणि तिथंच सगळं संपणार असं मला वाटलं. कारण आल्या आल्या त्या थबकल्या. ‘अगं माय! दिसा गोष्ट सांगून राहिले हे!’ दुसरी म्हणाली, ‘दादा, तुमी शिकलेले, तुमाला इतकं कळू न्हाई? लेकरायचे मामा वाट चुकतील ना!’

हे आपण दोघांनीही लहानपणी ऐकलेलं. गोष्ट दिवेलागणीनंतर सांगायची. दिवसा सांगितली की मामा वाट चुकतो. माझी आई हेच सांगून मला गप्प बसवायची. मला वाटलं, आता तू त्यांना चार समजुतीच्या गोष्टी सांगणार, हे सगळं खोटं कसं ते पटवणार. मी असतो तर तेच केलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून छपरीत पाय ठेवू दिला नसता मला कुणी. तू मात्र त्या बाईला विचारलंस, ‘तुमचा भाऊ कुठला?’

‘बाळापूरचा.’

‘आखाडा बाळापूर?’

‘व्हय.’

छपरीच्या कडेला सरकीचा ढीग होता. कापूस रेच्यातून गेला की उरते ती ही सरकी. तू मूठभर उचललीस आणि सारवलेल्या जमिनीवर एकेक दाणा टाकत ओळ मांडत गेलास. ओळीच्या एका टोकाला छपरीचा खांब, दुसऱ्या टोकाला सरकीचाच एक मोठा ‘ब’. ‘हे बाळापूर. इथून मामा निघाला. ही त्याची वाट. ही आपली छपरी. आता सांगा, चुकतो का?’

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यांच्यातली एक पुढं आली. ‘माझ्या भावाची बी मांडा मंग. नरसीचा हाय तो.’

तेव्हापासून ती रीतच पडली. गोष्ट संपली की मामाची वाट. डोंगरकडा गावच्या मामाला ‘ड’, नरसीच्या मामाला ‘न’. पहिल्यांदा तू मांडायचास, मग लेकरं तुझा हात धरून, मग एकेकटी. तांड्यावरच्या बाईचं पोरगं रडायला लागलं, कारण त्याच्या मामाच्या तांड्याला आपण म्हणतो तसं गावाचं नावच नव्हतं. तू त्याला ‘त’ काढून दिलास आणि म्हणालास, ‘तुझा मामा सगळ्यात हुशार. त्याची वाट एकाच गावाला बांधलेली नाही.’ ते पोरगं पुढं प्रत्येक बाजाराच्या दिवशी छातीला हात लावून ‘त माझा’ म्हणत उभं राहायचं. ज्या बायकांनी आयुष्यात अक्षराला हात लावला नव्हता, त्या लेकराला पाजता पाजता आपल्या भावाचं अक्षर वाकडं आलं तर बोटानं नीट करायच्या.

मी तुला विचारलं होतं, हे सुचलं कसं. तू म्हणालास, तुला मराठी अक्षरं तुझ्या मामानंच दाखवली, घोंगडीवर ज्वारी पसरून. संस्थानच्या शाळेत तू-मी दोघंही उर्दूतच शिकलो. मला वडिलांनी छडी घेऊन मराठी शिकवलं. म्हणूनच असेल, आपलं कधी जमलं नाही त्या बाबतीत. मी म्हणायचो, पाटी घे, अ आ इ पासून रीतसर चल, हे ‘ब’ पासून सुरू करणं म्हणजे घर छपरापासून बांधणं आहे. तू म्हणायचास, ‘त्या अक्षराच्या वाटेनं कुणीतरी आपलं माणूस येणार असलं म्हणजे लेकरू ते अक्षर विसरत नाही.’ मी म्हणायचो, मग ‘ज्ञ’चा मामा कुठून आणणार? तू म्हणायचास, ‘आणू की, एखादा मामा ज्ञानी निघेल.’ हा वाद आपण वाचनालयाच्या पायरीवर, माझ्या ओट्यावर, तुझ्या घरी चहा गार होईपर्यंत घातला. संपला नाही तो. खरं सांगू? माझ्या धाकट्या लेकीला मी पाटीवर बसवलं तेव्हा ती रडून उठायची. शेवटी मी अंगणात गव्हाचे दाणे मांडून तिच्या मामाच्या गावाचं अक्षर काढलं. तिला मांडीवर घेऊन पुस्तक वाचायला लागलो, तेही तेव्हापासून. तू जिंकला होतास. तुला सांगितलं नाही, कारण तू वर्षभर चिडवलं असतंस.

पुस्तकं फाटायची त्यावरूनही आपलं वाजायचं. वाचनालयाची पुस्तकं लेकरांच्या हातात द्यायची नाहीत, असं मंडळींचं म्हणणं, आणि मीही त्यांच्याच बाजूचा. तू घरून पिठाची खळ करून आणायचास आणि फाटकी पानं छपरीतच लेकरांसमोर चिकटवायचास. ‘पाहू द्या त्यांना, पुस्तकाला लागलं तर बरं कसं करतात ते.’ एकदा त्या खळीत एका पोरानं भाकरी बुडवून खाल्ली. तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

किती हंगाम गेले असे. लेकरं मोठी होऊन रेच्यावर कामाला लागली, नवी छपरीत आली. गिरजाबाई बाजाराच्या दिवशी अफूची डबी घरी ठेवून यायला लागली, आणि मग हळूहळू बाकीच्या दिवशीही. ‘आता ते झोपत न्हाईत माझ्याच्यानं,’ ती कुरकुरायची. ‘दिसभर बैल बैल खेळतात. तुमीच बिघडवले.’ बोलताना ती हसत असायची.

मग ते वर्ष आलं.

तुला त्याबद्दल मी काय सांगावं. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, तिकडं स्वातंत्र्य आलेलं. अलीकडे आपण, अजून संस्थानातच. संध्याकाळी दारं लवकर लागायला लागली. कोण कुणाच्या घरी बसतं यावर डोळे होते. चार माणसं वाचनालयाच्या जिन्यावर उभी राहिली तरी खाली कुणीतरी बिडी ओढत थांबायचं. तरुण पोरं एकेक करून नदीपलीकडे जात होती, आणि ती पाहुण्यांकडे गेली आहेत असं घरची माणसं सांगत होती. तू बाजाराच्या दिवशी फडकं काखेत मारून यायचास तसाच येत राहिलास. मी एकदा म्हणालो, ‘थोडे दिवस थांब.’ तू म्हणालास, ‘लेकरांचं वय थांबतंय का?’  भीती वाटते असं म्हणायची मला लाज वाटली. आपल्या दोघांत नेहमी मीच मोठमोठ्या गोष्टी बोलायचो.

आणि मग पोलिसांचा एक जमादार आला. तुला हे कधी कळलं नाही, अंबादास. मी कळू दिलं नाही. तू येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो शिपाई घेऊन जिनिंगात शिरला. काही शोधायला आला नव्हता, सावलीत पाणी प्यायला आला होता. छपरीत जमिनीवर आदल्या दिवशीच्या वाटा तशाच होत्या. सरकीच्या लांब लांब ओळी, वळणं घेतलेल्या, मध्ये ओढे नाले म्हणून लेकरांनी मांडलेले खडे, आणि टोकाला गावांची अक्षरं. तो पाणी प्यायचा थांबला.

‘मुनीमजी, ये नक्शा किसने बनाया?’

‘बच्चों का खेल है, साहेब.’

‘ये रस्ते किधर कू जाते?’ त्यानं एका ओळीवर बूट ठेवला. ती ओळ नदी ओलांडून जात होती. लेकरांनी नदी दाखवायला निळ्या लुगड्याची चिंधी टाकली होती. ‘ये नदी है ना? नदी के उधर कौन रहता?’

‘मामू रहता, साहेब,’ मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. पाणी संपवलं आणि बुटाच्या टोकानं चिंधी बाजूला सारून म्हणाला, ‘बच्चों का खेल बच्चे खेलें तो अच्छा. बड़े नक्को खेलो.’

एवढंच. पुन्हा आला नाही तो. पण त्या दिवसापासून जिनिंगच्या फाटकाची कडी वाजली की मी हातातलं माप सोडून फाटकाकडे पाहायचो. तू बाजाराच्या दिवशी लांबून दिसलास की आनंद व्हायचा त्याऐवजी तुझ्या मागं कोण येतंय ते मी पाहायचो. माझं काम जाईल, मला चौकीत नेतील, मुलींचं काय होईल. झोपेत मला त्या ओळी दिसायच्या, आणि सगळ्या माझ्या घरापर्यंत यायच्या.

त्याच आठवड्यात सोजरा माझ्याकडे आली. तुझी सगळ्यात पक्की हुंकारवाली पोरगी पारू, तिची आई. तिचा भाऊ किसन गाडी जुंपून नदीपलीकडे गेला होता. सांगितलेल्या दिवशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. ती विचारायला आली होती की जिनिंगच्या मालक शेठजींच्या माणसांकडून काही कळेल का.

‘मुनीमदादा, काही खबर लागंल का हो? माय माझी जेवून न्हाई राहिली.’

मी म्हणू शकलो असतो, विचारून पाहतो. तेवढंच म्हणायचं होतं. पण त्या क्षणी तू माझ्या डोळ्यांसमोर आलास, तुझं फडकं, जमिनीवरच्या त्या ओळी, आणि तू येऊ नकोस असं मला स्वतः तुला सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, ‘दिवसाउजेडी गोष्टी ऐकून राहिलीत तुमची लेकरं. मग मामा वाट चुकणार नाही तर काय होईल?’

तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. तिला वाटलं असेल, मुनीमदादा शिकलेला माणूस, तो म्हणतोय म्हणजे काहीतरी असेल. माझा त्यातल्या एका शब्दावरही विश्वास नव्हता. म्हणूनच ते जास्त वाईट. तिचा विश्वास होता, तुला त्या विश्वासाबद्दल आदर होता, आणि मी तो विश्वास हातात दगड घ्यावा तसा घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. बाजाराच्या दिवशी बायका छपरीसमोर उभ्या. सोजरा पुढं. ‘दादा, तुमच्यावर राग न्हाई. पण आता नका येऊ. माझा किसन आल्याबिगर नका येऊ.’ पारू तिचा पदर ओढत होती. तू फडकं सोडायला घेतलं होतंस, ते तसंच पुन्हा बांधलंस. म्हणालास, ‘बराबर आहे, बाई. भाऊ आधी.’ मग पारूकडे वळून म्हणालास, ‘मामा येईस्तोवर वाट तेवढी मोडू नको.’

मी काट्यापाशी होतो. कापसाच्या गाठोड्यामागं.

गिरजाबाईनं डबी परत आणली. तिचाही दोष नाही. लेकरं दिवसभर काय करणार, आणि फाटक सदा बंद. छपरी पुन्हा शांत झाली. अंबादास, रेच्यांच्या त्या आवाजातही मला ती शांतता ऐकू यायची. जेवायला बसलो तरी यायची. तू मात्र माझ्याकडे येत राहिलास, संध्याकाळी ओट्यावर बसायचास, इकडचं तिकडचं बोलायचास, आणि उठताना विचारायचास, ‘लेकरं दुपारची झोपतात का रे?’

‘नाही,’ मी म्हणायचो. ‘खेळतात.’

‘बरं आहे मग,’ म्हणायचास. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, आणि प्रत्येक वेळी मी तेच खोटं.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. लोक रस्त्यावर येऊन एकमेकांना साखर भरवत होते. आणि एका सकाळी किसन गाडी हाकत परत आला. वऱ्हाडात नात्यातल्या माणसांकडे अडकून राहिला होता, इकडं यायची सोय नव्हती. सोजरा जिनिंगात पेढे घेऊन आली. मला पहिला दिला. मी तो खिशात ठेवला. खाता येईना.

त्या दिवशीच तुला सांगायला हवं होतं. मी ठरवलंही. पण नवा हंगाम उभा राहायचा होता, गर्दी होती, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी गेलो तर तू अंथरुणात. हिवताप. थंडी भरून यायची तेव्हा वहिनी तुझ्या अंगावर सतरंजीसुद्धा टाकायच्या. मी उशाशी बसलो. तू विचारलंस, ‘किसन आला म्हणे?’

‘आला.’

‘मग दिवसा गोष्ट सांगायला हरकत नाही आता.’

आणि तू माझ्याकडे पाहत राहिलास. बराच वेळ. मी म्हणालो, ‘आधी बरा हो.’ आजारी माणसाला दुखवायचं नाही, असं मी स्वतःला समजावलं. पुन्हा आलो, पुन्हा तसाच उठलो. खरं कारण आज लिहितो. तू जाशील हे मला कळून चुकलं होतं, आणि जाताना तुझ्या मनात माझी प्रतिमा चांगली राहावी असं मला वाटत होतं. तुझी नव्हे, मी माझीच काळजी घेत होतो, शेवटपर्यंत.

तेरावं झाल्यावरच्या बाजाराच्या दिवशी मी जिनिंगात काटा दुसऱ्याच्या हाती दिला आणि छपरीत जाऊन बसलो. गिरजाबाई माझ्याकडे पाहतच राहिली. मुनीम छपरीत कधी बसला नव्हता. मी म्हणालो, ‘गिरजाबाई, आज बोट चाटवू नका.’

‘अन् मंग?’

‘मी आहे.’

गिरजाबाईनं डबी कनवटीला खोचली आणि खांबाला टेकून बसली. लेकरं माझ्याकडे टकामका पाहत होती. मला बैलाची गोष्ट येते, कितीदा ऐकली आहे, पण ती माझ्या तोंडी आली नाही. भोंगा होईपर्यंत मी नुसती सरकी मुठीत घेऊन बसलो. बायका आल्या, लेकरं उचलली. तेव्हा पारू म्हणाली, ‘मुनीमकाका, गोष्ट सांगायची अस्ती तिथं बसल्यावर.’

बायका हसल्या. ‘येती का पण मुनीमदादाला? तोलायचं काम हाय का ते?’

मी सुरुवात केली. ‘एक होता मुनीम.’

‘हूं,’ पारू म्हणाली.

‘तो होता भित्रा.’

‘हूं.’ बायका आणखी हसल्या.

‘त्याचा एक दोस्त होता. तो लेकरांना गोष्टी सांगायचा, अन् मामाच्या वाटा मांडायचा. एक दिवस एक जमादार आला, त्या वाटांवर बूट ठेवला. मुनीम घाबरला. दोस्ताला येऊ नको म्हणायची त्याला हिंमत झाली नाही. मग एक बहीण आपल्या भावाची चौकशी करायला आली, तेव्हा त्या मुनीमानं तिला सांगितलं, तुझा भाऊ दिवसाच्या गोष्टींनी वाट चुकला.’

कुणी हसलं नाही आता. सोजरानं पारूच्या लहान भावाला पदराखाली घेतलं होतं, तिनं मान वर केली.

‘तसं नव्हतं, सोजराबाई,’ मी म्हणालो. ‘मला ठाऊक होतं की तसं नव्हतं. मी माझ्या भीतीपायी बोललो.’

तिनं लेकराला दुसऱ्या कुशीवर घेतलं. मग म्हणाली, ‘किसन आला त्या दिशी मी दादाच्या घरी गेलते. म्हटलं, चुकलं आमचं, हंगामाला पुन्हा या. म्हटलं, मला हे ज्यानं सांगितलं ते...’ ती थांबली. ‘मी तुमचं नाव घेयाच्या आतच दादानं हात वर केला. म्हणले, बाई, नाव नका घेऊ. मला त्या माणसासंग अजून बसायचं हाये. त्यानं बोलावलं की मी येतो.’

अंबादास, तुला ठाऊक होतं. कधीपासून, ते मला आता कोण सांगणार? ओट्यावरून उठताना तू विचारायचास, लेकरं झोपतात का, तेव्हा तू दार उघडून धरत होतास का रे? अंथरुणात माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिलास तो मी बोलावण्याची वाट पाहत? मी फक्त ‘ये’ म्हणायचं होतं. मी ‘बरा हो’ म्हणालो.

माझ्या हातातली सरकी कधी सांडली ते मला कळलं नाही. पारूनं ती गोळा केली. कुणी न सांगता ती खांबापासून ओळ मांडायला लागली, दाण्याला दाणा लावत, थेट फाटकाच्या दिशेनं. टोकाला पोचल्यावर मागं वळून मला विचारलं, ‘गोष्टवाल्या दादाचं अक्षर कोणतं?’

मी जाऊन तिच्या शेजारी बसलो आणि ‘अ’ मांडला. तो माझ्याकडून वाकडा आला. सोजरानं वाकून बोटानं नीट केला.

‘मंग?’ पारू म्हणाली. तिला गोष्ट अर्धी सोडलेली चालत नाही, ही सवय तुझीच. ‘मंग त्या मुनीमानं काय केलं?’

‘मग तो माफी मागायला आला.’

‘कोणाची?’

‘लेकरांची. त्यांच्या आयांची. अन् आपल्या दोस्ताची.’

‘मागितली?’

मी त्या ओळीकडे पाहिलं, फाटकापर्यंत गेलेल्या. भर दुपार होती.

‘मागतो आहे,’ मी म्हणालो. ‘माझं चुकलं, अंबादास. ये.’

‘हूं,’ पारू म्हणाली.